फ्युएल प्रेशर कमी वाटतंय? पंप बदलायच्या आधी या चुका टाळा

पावसाळा सरत आला की कासला जायची गर्दी सुरू होते, आणि यवतेश्वरच्या घाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. तापलेल्या गाड्या सोडल्या तर बाकीच्यांची तक्रार बहुतेक एकच असते, साताऱ्यात पोवई नाक्यावर ट्रॅफिकमध्ये गाडी मस्त चालते पण चढाला पाय दाबला की दम सोडते, हबके खाते. मग कोणीतरी सांगतं पंप गेला, पंप बदलला जातो, हजारो रुपये जातात आणि आठवड्याभरात तेच परत सुरू. मला याचा खरंच त्रास होतो, कारण पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज (दाब दाखवणारा काटा) लावून बघायला अर्धा-पाऊण तास लागतो फक्त.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आवाजावर जाणं. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गुर्रर्र ऐकू येतं, म्हणून पंप ओके असं धरून चालतात. अहो, पंप फिरतोय एवढंच त्यातनं कळतं, प्रेशर किती बनतंय ते नाही कळत.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. गेज लावतात, पण गाडी जागेवर आयडलला ठेवून रीडिंग घेतात. साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाडीत साधारण ३ ते ४ बार प्रेशर असतं (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, अंदाज नको). आयडलला इंजिनला पेट्रोल लागतंच कितीसं, त्यामुळे फिल्टर अर्धा चोक असला, पंप थकलेला असला तरी काटा बरोबर जागेवर दिसतो. खरं दुखणं लोडवरच बाहेर येतं. म्हणून गेजची होज बॉनेटमधून नीट बाहेर काढा, कुठे चेपणार नाही, गरम भागाला लागणार नाही असं बघा आणि गेज वायपरखाली काचेच्या बाहेर पक्कं बांधा. केबिनमध्ये अजिबात घेऊ नका, लीक झालं तर आत पेट्रोल येईल. एकाने चालवायचं, शेजारच्याने काट्यावर नजर ठेवायची. सपाटीवर साडेतीनला असलेला काटा चढावर पाय दाबल्यावर हळूहळू अडीच, दोनवर यायला लागला की समजायचं पेट्रोल पुरत नाहीये. काटा हलला नाही आणि गाडी तरीही ओढत नसेल तर पंपाचा नाद सोडा, इग्निशन, सेन्सर, सायलेन्सरच्या लाइनमधला कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असं दुसरीकडे शोधा.

जुन्या रिटर्न लाइनवाल्या (जादा पेट्रोल टँकमध्ये परत पाठवणाऱ्या) गाड्यांत रेग्युलेटरला, म्हणजे प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या भागाला, व्हॅक्युमची छोटी नळी असते, तिथे आयडलला प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास कमी दिसणं नॉर्मल आहे. ती नळी काढून वास घ्या, आत पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय.

स्कॅनरवर पी०१७१ हा एरर कोड आला म्हणजे पंपच, असंही नसतं. तो कोड एवढंच सांगतो की मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलला जास्त आणि अडीच हजार आरपीएमला नॉर्मल होत असेल तर कुठूनतरी हवा ओढतेय, आणि उलट लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवेचा सेन्सर घाण झालाय.

आता वायरिंग, जिकडे कोणी बघतच नाही. पंपाचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला की बारा व्होल्ट दिसतात आणि लोक खूश होतात. पण गंजलेल्या पिनवरही लोड नसताना पूर्ण व्होल्टेज दिसतं! कनेक्टर जोडलेला, पंप चालू, आणि मागून प्रोब लावून मोजा. रिलेवरून थेट सप्लाय असेल तर बॅटरीपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट कमी चालेल, दोन व्होल्ट कमी असेल तर पिन, रिले किंवा अर्थिंग तपासा. पिनच्या बाजूचं प्लास्टिक पिवळट होऊन वितळलेलं असेल तर नवा पंपसुद्धा तिथे अशक्तच चालणार. सांगली-मिरजेकडची सेकंडहँड गाडी २०१९ च्या पुराआधीची असेल तर सीट उचलून हा कनेक्टर बघाच, पिनांवर हिरवट थर असेल तर गाडी पाण्यात गेली असण्याची शक्यता धरा.

पंप खरंच गेला असेल तर टँक साफ न करता नवा टाकू नका, खालची जाळीही नवी घ्या. सीएनजीवाल्यांनी आणि कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्यांनी टँक कोरडा ठेवू नये, पंपाला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं.

गाडी गरम असताना बंद केली आणि दहा मिनिटांनी स्टार्टला वेळ घेते, पण चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केली की लगेच लागते? मग बंद केल्यावर काटा किती वेळ टिकतो ते बघा. झटकन शून्याकडे गेला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) खराब किंवा इंजेक्टर गळका.

गेज लावायला किंवा पंप काढायला पेट्रोलची लाइन सोडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, जॉइंटवर फडकं धरा, जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, आणि विडी-सिगारेटवाल्याला लांब पाठवा. हे सगळं साध्या पेट्रोल गाडीपुरतं आहे. कॉमन रेल डिझेलच्या रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीत) प्रेशर हजार बारच्या वरही जातं, ती धार कातडीतून आत शिरते, म्हणून चालू इंजिनवर तिथला एकही नट सैल करू नका, रेल प्रेशर स्कॅनरवरच बघा.