जुन्या पिकअपचा मागचा गिअर रेशो बदलण्याआधी

शेव्हरोले सी-१० सारख्या जुन्या पिकअपचा मागचा रेशो (म्हणजे मागच्या चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे, गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे, किती फेरे होतात तो आकडा) ऐकीव माहितीवर बदलला, तर हायवेवर इंजिन उगाच ओरडत राहते.

१. पुढच्या चाकांना अडण लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकच मागचे चाक स्टँडवर उचलावे. साधे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी, लॉक नसलेली गिअरपेटी) असल्यास ते चाक दोन फेरे फिरवताना प्रॉपेलर शाफ्टवरची खडूची खूण पावणेचार फेऱ्यांच्या किंचित अलीकडे थांबली, तर रेशो ३.७३ समजावा; दुसरे चाक स्थिर असल्याने एका चाकाचे दोन फेरे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याइतके धरतात.

२. ताशी मैल, रेशो आणि ३३६ यांचा गुणाकार टायरच्या इंचांतील व्यासाने भागावा; उत्तर म्हणजे थेट टॉप गिअरमधले इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे). २८ इंची टायरवर ताशी ६० मैलांना ३.७३ सुमारे २,६९० आरपीएम देतो, ४.११ सुमारे २,९६०, ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनचे फेरे ०.७० पटीवर आणणारा वरचा गिअर) असल्यास ३.७३ वरच हा आकडा १,८८० वर येतो, म्हणून तेव्हा आरपीएम आणखी कमी करण्यासाठी ३.०८ रेशो बसवण्याचा मोह मला अनाठायी वाटतो.

रेशो बदलल्यावर स्पीडोमीटरचा गिअरही बदलावा, अन्यथा काटा चुकीचा वेग दाखवतो.