कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग शिकवायला येताय? मूल्यमापनाबद्दल आधी थोडं

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग, काही वर्षं वॉर्डात नोकरी, मग अमेरिकेत येऊन मास्टर्स आणि आता कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक कॉलेजात, शिकवण्याची पहिली नोकरी. या वाटेने आलेल्या मुली मला बहुतेक एकच विचारतात : 'ताई, शिकवणं जमेल, पण हे आउटकम असेसमेंट म्हणजे नेमकं करायचं काय?' थोडक्यात, विद्यार्थी खरंच शिकले का, हे आकड्यांनी आणि नोंदींनी तपासणं. मी ओहायोतल्या अशाच एका कॉलेजात शिकवते. माझ्या मते शिकवण्याइतकंच हे काम मोलाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे पेपर विद्यापीठाचा, प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक, आणि पास झालं की नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. इथे पेपर आपणच काढायचा, आपणच तपासायचा. कॉलेज फक्त पदवी देतं. लायसन्स राज्याचं नर्सिंग बोर्ड देतं, आणि तेही एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा पास झाल्यावरच. त्यामुळे आपण दिलेल्या मार्कांना काही अर्थ आहे, हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

दोन वर्षांच्या या नर्सिंग पदवीची कल्पना अमेरिकन नर्सिंग शिक्षिका मिल्ड्रेड माँटॅग यांची. १९५२ साली त्यांनी सात कॉलेजांत तिचा प्रयोग सुरू केला. आज आमच्या वर्गात रात्रपाळी करून येणाऱ्या नर्सिंग असिस्टंट असतात, लहान मुलांच्या आया असतात, इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेलेही असतात. आकडे वाचताना ही माणसं डोळ्यांसमोर ठेवा.

एसीईएन या मान्यता देणाऱ्या संस्थेला लायसन्स परीक्षेचा निकाल, अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण आणि नोकरी मिळालेल्यांचं प्रमाण, असे तीन आकडे लागतात. नोकरीचा आकडा सहसा त्रास देत नाही. सगळ्यांचं लक्ष असतं एनक्लेक्सवर, कारण तिथे ८० टक्क्यांची रेघ आहे. छोट्या बॅचमध्ये ती रेघ फार निसरडी. २४ जण परीक्षेला बसले आणि चार नापास झाले, तर निकाल ८३ टक्के. पाच नापास झाले की ७९.

हा आकडा एकटा कधीच वाचू नका. समजा ४० जणांनी प्रवेश घेतला, १६ मध्येच गळाले, उरलेल्या २४ पैकी २२ पास झाले. निकाल जवळपास ९२ टक्के, वेबसाइटवर झळकवण्यासारखा. पण प्रवेश घेतलेल्यांपैकी नर्स झाले ५५ टक्केच. कच्च्या विद्यार्थ्यांना आधीच्या सेमिस्टरला अडवून निकाल वर नेता येतो, आणि तसं करणं मला सरळ अन्याय वाटतो. कोण गळालं, कुठल्या सेमिस्टरला, कुठल्या विषयात, हे शोधायलाच हवं. आणि एनक्लेक्सचा निकाल हाती येतो तेव्हा ती बॅच निघून गेलेली असते. तिच्यासाठी जे करायचं, ते आधीच करावं लागतं.

म्हणून खरं काम रोजच्या पेपरांत. परीक्षा झाली की मार्क जाहीर करण्याआधी प्रत्येक प्रश्नाचं विश्लेषण पाहा. किती टक्क्यांना तो जमला, हे झालं एक. त्याहून महत्त्वाचा पॉइंट बायसीरियल : एकूण पेपरात वर असलेल्यांना तो प्रश्न जमला की खाली असलेल्यांना? हा आकडा उणे आला, तर हुशार मुलंच चुकली आहेत. उत्तरसूची तपासा, प्रश्नाची वाक्यरचना तपासा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मग इंग्रजीतून नर्सिंग केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तीन ओळींचं गुंतागुंतीचं वाक्य इंग्रजी तपासतं, नर्सिंग नाही.

एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचं रूप बदललं. आता एकाच रुग्णावर सहा-सहा प्रश्न येतात : लक्षण टिपणं, त्याचा अर्थ लावणं, आधी काय हे ठरवणं, उपाय शोधणं, कृती करणं आणि शेवटी परिणाम तपासणं. नुसत्या पाठांतरावर बेतलेले जुने प्रश्न त्यामुळे बाजूला ठेवावे लागतात.

हीच साखळी क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या, नोंदींना लावा. नव्या शिक्षिका लिहितात, 'छान काम करते, आत्मविश्वास कमी.' याचा कुणालाच उपयोग नाही. त्याऐवजी असं लिहा : 'रुग्णाचा श्वासाचा वेग १८ वरून २६ झाला. विद्यार्थिनीने तो चार्टवर नोंदवला, पण नर्सला सांगितलं नाही. विचारल्यावर कारण सांगता आलं नाही.' लक्षण टिपलं, अर्थ लागला नाही, हे इथे स्पष्ट दिसतं. पुढच्या आठवड्यात तिला काय शिकवायचं तेही कळतं. लासेटर रुब्रिक, म्हणजे विद्यार्थ्याची निर्णयक्षमता पातळ्यांनी मोजणारी तक्त्याची पद्धत, याच विचारावर उभी आहे. ती जरूर वापरा, पण शेरा मात्र डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचाच हवा. विद्यार्थिनीला नापास करायची वेळ आली, तर अशाच तारीखवार नोंदी तिला आणि तुम्हाला दोघींना न्याय देतात.

एक सवय मात्र भारतातच ठेवून या. नावासकट मार्क नोटीस बोर्डावर लावणं इथे चालत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा १९७४ चा फर्पा कायदा आड येतो. प्रौढ विद्यार्थिनीचे मार्क तिच्या नवऱ्याने किंवा आईने विचारले, तरी तिच्या लेखी संमतीशिवाय सांगायचे नाहीत.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच विभागप्रमुखांकडून मूल्यमापनाचा आराखडा मागून घ्या. प्रत्येक उद्दिष्टासमोर अपेक्षित पातळी, प्रत्यक्ष आकडा आणि त्यावर काय केलं, असे रकाने असतात. बहुतेक ठिकाणी पहिले दोन भरलेले असतात आणि तिसऱ्यात 'लक्ष ठेवणार' एवढंच. तिथेच प्रश्न विचारा. औषधांच्या मात्रेची गणितं कच्ची राहिली म्हणून दर आठवड्याला सराव सुरू केला असेल, तर तसं लिहायचं, आणि पुढच्या बॅचचे मार्क त्याच्याच शेजारी मांडायचे. फरक पडला नसेल, तर तेही लिहायचं आणि वेगळा उपाय धरायचा. मीटिंगच्या इतिवृत्तातही हे यायला हवं, कारण मान्यतेसाठी येणारे तपासनीस नेमकं तेच उघडून बघतात.