बाटली काळी होत नाही? एसआरबी वाढवताना या चुका टाळा

सल्फेट-रिड्यूसिंग बॅक्टेरिया, म्हणजेच एसआरबी, ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून श्वसन करतात. त्यातून निघालेला सल्फाइड मीडियममधल्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवातल्या, लोहाशी जुळतो आणि बाटली काळीकुट्ट होते. प्रॅक्टिकलला सगळे या काळ्या रंगाकडेच डोळे लावून बसतात. घोळ होतो तोही तिथेच.

रंग आलाच नाही, तर पहिला संशय ऑक्सिजनवर घ्या. हवा लागली की हे जिवाणू लगेच मरतात असं नाही, पण वाढ थांबते. नुसतं बूच घट्ट लावून भागत नाही. मीडियम उकळून नायट्रोजनखाली गार करा, उरलासुरला ऑक्सिजन संपवणारं थायोग्लायकोलेट आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ताजं घाला, बाटली गळ्यापर्यंत भरा. रेडॉक्स विभव (ऑक्सिजन जितका कमी, तितका हा आकडा खाली) −100 मिलिव्होल्टच्या खाली हवा. रेझाझुरीन, म्हणजे ऑक्सिजन दाखवणारा रंग, घातलं असेल आणि ते अजून गुलाबी असेल, तर बाटलीत नमुना घालूच नका. पीएच 7 ते 7.5 ठेवा. ठाण्याच्या खाडीतला चिखल असेल तर मीठ घालायला विसरू नका. आणि चार दिवसांत ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळं होऊ नका. 28 दिवस थांबायची तयारी ठेवा.

रंग आला, तरी एसआरबी सापडले असं लगेच म्हणू नका. सिस्टीन किंवा थायोसल्फेटपासून सल्फाइड काढणारे इतर जिवाणूही बाटली काळी करतात. म्हणून सल्फेट नसलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची बाटली, हवाच. इथे हमखास होणारी चूक अशी: सोडियम सल्फेट वगळलं जातं, पण मॅग्नेशियम सल्फेट आणि फेरस सल्फेट तसंच राहतं. लोहासाठी वापरल्या जाणाऱ्या मोहर सॉल्टमध्येही (फेरस अमोनियम सल्फेट) सल्फेट असतंच. मग कंट्रोलही काळा पडतो आणि सगळे चक्रावतात. कंट्रोलमध्ये मॅग्नेशियम आणि लोह या दोन्हींची क्लोराइडं वापरा. मॉलिब्डेट घातलेली आणखी एक बाटली ठेवली तर उत्तमच, कारण मॉलिब्डेट सल्फेट-श्वसनाची पहिलीच पायरी अडवतं.

खाद्य म्हणून लॅक्टेट घातलेल्या मीडियमवरून ‘एकूण एसआरबी’ सांगणंही चूक. त्यावर मुख्यतः डिसल्फोव्हिब्रिओ हा एसआरबीचा एक प्रकार जोर धरतो आणि लॅक्टेट तोडत अ‍ॅसिटेटपाशी थांबतो. अ‍ॅसिटेट खाणारा डिसल्फोबॅक्टर हा दुसरा प्रकार हवा असेल तर मीडियम वेगळं लागतं आणि वाढही संथ असते.

जुन्या बाटल्यांत आम्ल कधीही ओतू नका, हायड्रोजन सल्फाइड वायू झपाट्याने सुटतो. वायू वाढला की नाक बधिर होतं, त्यामुळे वासावर विसंबू नका. बाटल्या फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) उघडा.