गिझर बदलायच्या आधी हे बघा: गरम पाणी बंद झालं की होणाऱ्या चुका

थंडी पडली की सोसायटीत रोज कोणीतरी विचारतं, गिझर चालत नाहीये, मेकॅनिकचा नंबर द्या. अहो जरा थांबा, स्विच लावून पाच मिनिटांत बादली घेऊन उभं राहायचं आणि कोमट आलं की गिझर गेला म्हणायचं, असं कसं चालेल? १५ लिटरच्या २००० वॅट गिझरला २० डिग्रीचं पाणी ६० वर न्यायला वीसेक मिनिटं लागतातच.

मला सगळ्यात खटकते ती चूक म्हणजे दोष कुठे आहे ते न बघता पार्ट बदलत सुटायचं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी आधी कॉइल बदलली, मग थर्मोस्टॅट (पाणी ठरलेलं तापलं की वीज बंद करणारा भाग), शेवटी नवा गिझर आणला आणि तरी पाणी कोमटच. मी गेलो तर गिझरचा लाल दिवा वेळेवर बंद होत होता, म्हणजे आत पाणी तापत होतं. मग स्विच बंद करून गिझरला थंड पाणी देणारा अँगल कॉक बंद केला आणि बेसिनचा गरम नळ सोडला. पाणी थांबायला हवं होतं, पण ते जोरात येतच राहिलं! दुसऱ्या बाथरूममध्ये हँड शॉवरचं नुसतं बटण बंद केलेलं, मिक्सरचे गरम-थंड दोन्ही नळ उघडेच, त्यामुळे थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसत होतं. दोन्ही नळ बंद केले आणि कढत पाणी सुरू. काकांचे पैसे मात्र गेले ते गेलेच, फार वाईट वाटलं. तेव्हापासून कोणाकडेही गेलो की स्क्रू ड्रायव्हर नंतर, आधी हा कॉक बंद करून बघतो.

दिवा तासभर चालू आणि पाणी गार, तर मात्र बहुतेक कॉइलच गेलेली असते. दिवाच लागत नसेल तर आधी एमसीबी आणि प्लग बघा, २००० वॅटला १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो, साध्या एक्स्टेंशनवर लावलात तर पिन जळणार.

आणि कृपा करून कटआउट, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा सेफ्टी स्विच, "डायरेक्ट" करून, म्हणजे मधून काढून वायर थेट जोडून, घेऊ नका. तो सारखा उडतोय म्हणजे बऱ्याचदा थर्मोस्टॅट चिकटलाय, पाणी नको तेवढं तापतंय. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात ते पडायलाच हवेत, तरी लोक तिथे बूच मारून घेतात. कटआउट डायरेक्ट आणि व्हॉल्व्ह बंद, मग पाणी उकळून टाकी फुटू शकते. पाच मिनिटांत डायरेक्ट करून देतो म्हणणाऱ्या माणसाला त्याच क्षणी परत पाठवा.

गॅस गिझर टिकटिक करत नसेल तर आधी सेल बदला. सेल नवे, टिकटिकही नाही, तर टाकीतून येणाऱ्या पाण्याचं प्रेशर कमी असेल. आणि तो गिझर बंद बाथरूममध्ये अजिबात नको, गॅस जळताना होणारा कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतात, मी दिवाळीनंतर एकदा उघडून साफ करून घेतो आणि टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही तेव्हाच बदलतो.