नायट्रोजन की साधी हवा? आधी गेज दाखव

पंपावर हवेच्या मशीनपाशी गाडी लावली की पोरगा विचारतो, "काका, नायट्रोजन की साधी?" अकरा वर्षं नागपूर-पुणे टॅक्सी मारतोय. माझं उत्तर ठरलेलं असतं: "आधी गेज दाखव."

साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. ऑक्सिजन 21 टक्के. म्हणजे पैसे मोजायचे ते या 21 टक्क्यांना हाकलण्यासाठी, आणि तोही सगळा जात नाही. व्हॉल्व्हची पिन काढून टायर पार रिकामा केला तरी आत बाहेरच्या दाबाइतकी, म्हणजे 14.7 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा उरते. गेज तिलाच शून्य दाखवतं. त्यावर 33 पर्यंत नायट्रोजन भरला तर साडेसहा टक्के ऑक्सिजन आतच राहिला. पुन्हा सोडून पुन्हा भरलं की दोन टक्क्यांवर येतो. म्हणून पहिल्यांदा भरताना गाडी जॅकवर घ्यायला लावा आणि दोनदा सोडून दोनदा भरून घ्या. बरेच जण आहे त्याच हवेवर वरून थोडा नायट्रोजन मारतात आणि नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हवर हिरवं टोपण बसवतात. तसं झालं तर पैसे टोपणाचे दिले समजा.

फायदा अजिबात नाही, असं मी म्हणत नाही. ऑक्सिजन रबरातून जरा लवकर झिरपतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने 31 मॉडेलचे टायर 30 पीएसआयवर भरून वर्षभर ठेवले होते. साध्या हवेचे सरासरी 3.5 पीएसआय उतरले, नायट्रोजनचे 2.2. वर्षात सव्वाचा फरक! मीही दोन महिने डावीकडे नायट्रोजन, उजवीकडे साधी हवा ठेवून पाहिली. उजवीकडे अर्धा-एक पीएसआय जास्त उतरली, पण गेज जरा तिरकं लागलं तरी तेवढा फरक येतो.

"नायट्रोजन तापत नाही" हे मात्र खोटं. कोरडी हवा आणि नायट्रोजन सारखेच फुगतात. तापमानात साडेपाच-सहा अंशांचा फरक पडला की साधारण एक पीएसआय इकडेतिकडे. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे 12 अंश आणि मे महिन्यात 45, म्हणजे ऋतू बदलला की टायर बघायलाच हवेत, आत काहीही भरलेलं असो. विमानाच्या टायरात नायट्रोजन भरतात, हे उदाहरण कोणीतरी देतंच. तिथे ब्रेक इतके तापतात की टायरातल्या ऑक्सिजनमुळे तापलेलं रबर आतून पेट घेऊ शकतं. 1986 मध्ये मेक्सिकोत असंच एक विमान पडलं, टायरात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. आपल्या गाडीचे ब्रेक तेवढे तापत नाहीत.

साध्या हवेत खरी भानगड पाण्याची. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि काही जण ते काढतच नाहीत. नळी टायरला लावण्याआधी तिचं तोंड दाबून तळहातावर हवा सोडायला सांगा. हात ओला झाला तर पुढचा पंप गाठा. हवा तिथेही फुकटच असते.

आता मोजायचं कसं ते. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर स्टिकर असतो. माझ्या गाडीला 33, सामान आणि चार माणसं असली की मागे जास्त. हा आकडा थंड टायरचा. गाडी तीन तास उभी असेल तेव्हाचा, किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली.

हे मला ठेच लागून कळलं. एकदा दुपारी समृद्धी महामार्गावरून उतरलो, पंपावर गेज 38 दाखवत होतं. "जास्त झाली, सोड," म्हटलं आणि चारही टायर 33 वर आणले. सकाळी घरी मोजली तर 28! तशीच गाडी काढली असती तर ऊन, काँक्रीट आणि 120 चा वेग, त्यात मऊ टायर. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला वाकते, त्या वाकण्याने रबर तापतं आणि मग फुटतं. त्यामुळे गरम टायरची हवा कधी सोडू नका. कमी असेल तर भरा, बाकीचं सकाळी बघा. स्वतःचं गेज डिकीत ठेवा. एका पंपाचं मशीन माझ्या गेजपेक्षा चार पीएसआय जास्त दाखवायचं.

नायट्रोजनवर साधी हवा चालते का? चालते. नायट्रोजनचा पंप शोधत कमी हवेवर वीस किलोमीटर हाकू नका.

आणि स्टेपनी मोजा. मागच्या वर्षी सिंदखेडराजाच्या पुढे पंक्चर झालं. पॅसेंजरच्या बॅगा उतरवल्या, स्टेपनी काढली, गेज लावलं. 12 पीएसआय. टोपण हिरवं होतं.