‘आयकिया’ हे नाव इंग्रजीत स्पष्ट कसे उच्चारावे

इंग्रजीत बोलताना एखाद्या शब्दाचा उच्चार थोडा चुकला, तरी ऐकणारा मागच्या-पुढच्या शब्दांवरून तो लावून घेतो. दुकानाच्या नावाबाबत मात्र ही सवलत मिळत नाही, कारण नावाला संदर्भातून ओळखण्याजोगा अर्थ नसतो. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या, अथवा इथेच बसून परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्या मराठी माणसाला याचा अनुभव वारंवार येतो. अशा वेळी बहुतेक जण आवाज चढवतात, आणि त्याचा काही उपयोग होत नाही. अडचण आवाजाची नसते, आणि बहुधा एकेका ध्वनीचीही नसते; नावाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा आणि कोणता भाग सैल सोडायचा, ही ती अडचण असते. मराठीत आपण शब्दाच्या सगळ्या भागांना साधारण सारखे वजन देतो आणि जोर बदलल्याने शब्द बदलत नाही. इंग्रजी कान मात्र आधी जोर शोधतो आणि त्याच्या आधाराने शब्द ओळखतो.

‘आयकिया’ हे फर्निचरच्या दुकानाचे नाव या दृष्टीने सरावासाठी उत्तम आहे, कारण ते छोटे आहे, हैदराबादेत 2018 साली आणि नवी मुंबईत तुर्भ्याला 2020 साली दुकाने उघडल्यापासून आपल्या परिचयाचे आहे, आणि त्यात जोर, श्वासाचा झोत आणि शेवटचा सैल स्वर या मराठी जिभेच्या नेहमीच्या तीनही अडचणी एकत्र सापडतात. इंगवार कांप्राड या स्वीडिश तरुणाने 1943 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, स्वतःच्या नावाची दोन आद्याक्षरे, एल्मटारिड या शेताचे एक आणि आगुन्नारिड या गावाचे एक अशी चार अक्षरे जोडून ते तयार केले. आद्याक्षरांचे असले तरी ते सुटे सुटे वाचायचे नसून एक शब्द म्हणूनच बोलायचे असते. स्वीडनमध्ये ते ‘इ-के-आ’ असे काहीसे ऐकू येते, तर ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ‘आय-की-अ’ असे. कोणता उच्चार खरा, हा वाद इथे निरर्थक आहे. इंग्रजीत बोलायचे असेल तर इंग्रजी वळणाचा उच्चार घ्यावा, कारण हेतू समजण्याचा आहे. विशेष म्हणजे दोन्ही उच्चारांत जोर मधल्या खंडावरच, म्हणजे ‘के’ किंवा ‘की’वरच, आहे.

प्रथम हा मधला खंड पाहू. ‘की’ मधला स्वर पुरेसा दीर्घ हवा आणि आवाजाची पट्टीही तिथे किंचित वर जायला हवी. नुसते मोठ्याने म्हणणे म्हणजे जोर नव्हे. याशिवाय, जोर असलेल्या खंडाच्या सुरुवातीला क, ट किंवा प आला, तर इंग्रजी भाषक त्याबरोबर श्वासाचा झोत सोडतात, म्हणजे त्यांचा तो ‘की’ आपल्या ‘की’ आणि ‘खी’ यांच्या मधला, बराचसा ‘खी’कडे झुकलेला असतो. आपण स्वच्छ, कोरडा ‘की’ म्हटला की त्यांच्या कानाला तो ‘गी’सारखा भासू शकतो. हे तपासण्यासाठी वर्तमानपत्राची एक अरुंद पट्टी ओठांपासून चार बोटांवर धरावी: ‘की’ म्हणताना ती जवळजवळ स्थिर राहील, ‘खी’ म्हणताना हलेल. आपल्याला हवा असलेला उच्चार पट्टी स्पष्टपणे हलवणारा, पण ‘खीर’ म्हणताना घशातून जेवढा भर येतो त्याहून थोडा हलका असावा. मराठीत क आणि ख दोन्ही असल्यामुळे हे आपल्याला फार लवकर साधते. ज्यांच्या भाषेत ख नाही, त्यांना यासाठी बरेच झगडावे लागते.

पहिला खंड ‘आय’ पूर्ण उच्चारावा, परंतु त्यावर रेंगाळू नये आणि त्याच्यानंतर थांबू तर मुळीच नये. तिथे थांबल्यास इंग्रजी ऐकणाऱ्याला ‘आय’ म्हणजे ‘मी’ आणि पुढे ‘किया’ या कोरियन मोटारीचे नाव ऐकू येते, कारण त्या मोटारीचे नाव आणि आपल्या शब्दाचा उरलेला भाग हे इंग्रजीत अगदी एकसारखे आहेत. शेवटच्या खंडात आपली चूक उलट दिशेची असते. मराठीत आपण ‘किया’ असे लिहितो आणि तसाच मोकळा ‘आ’ म्हणतो. इंग्रजीत तिथे फक्त अर्धवट, तोंड फारसे न उघडता निसटणारा ‘अ’ असतो. ‘की’ वरून जीभ सरकताना मध्ये ‘य’ची पुसट छटा आपोआप येते, ती मुद्दाम ठळक करू नये. ‘आय-कीऽ-अ’ असे लिहून, मधला भाग अधोरेखित करून तो कागद समोर ठेवला, तर सरावाला बरे पडते.

सरावाची सुरुवात जोर असलेल्या खंडापासून करावी, नावाच्या सुरुवातीपासून नव्हे. आधी केवळ ‘कीऽ’, मग ‘कीऽ-अ’, आणि ते सहज येऊ लागल्यावर पुढे ‘आय’ जोडावे. त्यानंतर नाव वाक्यात घालून म्हणावे, कारण सुटे नाव नीट म्हणणारा माणूस वाक्यात पुन्हा जुन्या चालीवर घसरतो. फोनवरच्या बोलून लिहिण्याच्या सोयीवर मात्र फार विसंबू नये: नाव प्रसिद्ध असेल तर यंत्र अर्धवट उच्चारावरूनही ते ओळखून बरोबर लिहून दाखवते, आणि आपला उच्चार सुधारला असा गैरसमज होतो. त्यापेक्षा स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्या देशातल्या जाहिरातीतील उच्चाराशी लागोपाठ ताडून पाहावे.

हीच रीत इतर नावांना लावताना काही ध्वनींकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. ब्रिटनमधील ‘टेस्को’ घ्या. त्यातला ट जोराच्या खंडात असल्याने त्याला श्वासाचा झोत हवा आणि त्यासाठी जिभेचे टोक आपल्या ट-सारखे मागे न वळवता वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्याला लावायला हवे. पण त्याच नावातला क स-नंतर येतो, म्हणून त्याला झोत नको. ‘स्पार’ या मूळच्या डच दुकानसाखळीच्या नावातही याच कारणाने आपला साधा प चालतो. ‘वॉलमार्ट’ आणि ‘लीव्हाइझ’ या दोन नावांत आपला एकच व दोन कामे करायला निघतो आणि दोन्ही बिघडवतो. पहिल्यात दात ओठाला मुळीच लागू नयेत, शीळ घालण्यापूर्वी करतो तसा ओठांचा चंबू करून तो सोडावा. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासून जाऊ द्यावी. दुसऱ्या नावाचा आपल्याकडचा रूढ उच्चार ‘लेव्हिज’ असल्यामुळे स्वरही बदलावे लागतात: जोर ‘ली’वर आणि पुढे ‘व्हाइझ’.

‘झारा’ या नावाची गोष्ट निराळी. आपण ‘जहाज’मधला ज वापरतो, ज्यात जीभ क्षणभर अडते. इंग्रजी ध्वनी अडत नाही. स लांबवत असताना गळ्यातून आवाज सुरू केला की तो मिळतो. तो स-सारखा हवा तितका ताणता येत असेल, तर बरोबर समजावे. ‘डिकॅथलॉन’मध्ये जोर ‘कॅ’वर आहे आणि त्यापुढचा ध्वनी जिभेचे टोक दातांमध्ये ठेवून हवा गळू देत काढतात. तिथे आपला थ आला तरी, माझ्या मते, फारसे बिघडत नाही. जोर चुकला तर मात्र बिघडते, म्हणून वेळ थोडा असेल तर तो ‘कॅ’वरच खर्च करावा.

कोणत्या देशातल्या इंग्रजीत बोलायचे आहे, हे आधी ठरवणेही आवश्यक आहे. ‘आदिदास’चा जोर ब्रिटनमध्ये पहिल्या खंडावर आणि अमेरिकेत दुसऱ्यावर असतो. जर्मनीत ‘लीडल’ म्हटले जाणारे दुकान ब्रिटनमध्ये ऱ्हस्व स्वराने ‘लिडल’ होते. ‘नायकी’च्या शेवटी ‘ई’ उच्चारावी, कारण नाव ग्रीक विजयदेवतेचे आहे आणि कंपनीही ते तसेच उच्चारते. मात्र ब्रिटनमध्ये ‘नाइक’ म्हणणारे पुष्कळ भेटतील आणि त्यांना सुधारण्याच्या फंदात पडू नये.

वाक्यात वापरताना नाव शक्यतो शेवटी आणावे आणि त्याच्या आधी श्वास घेण्याइतकी जागा सोडावी, म्हणजे ऐकणारा सावध होतो. ब्रिटिश माणूस ‘आयकिया’नंतर स्वराने सुरू होणारा शब्द आला की मध्ये एक र मिसळतो, ‘आयकीअर इझ’ असे काहीसे ऐकू येते. ते समजून घ्यावे, त्याची नक्कल करण्याची गरज नाही. इतके करूनही फोनवर नाव पोहोचले नाही, तर तेच तेच पुन्हा म्हणत न राहता अक्षरे सांगावीत, आणि तीही नुसती नव्हे, कारण आपण रोमन वर्णमालेतल्या पहिल्या अक्षराला सपाट ‘ए’ म्हणतो, तर इंग्रजीत ते ‘एइ’ असे घसरते आणि फोनवर ‘ई’शी त्याचा घोळ होतो. त्यापेक्षा विमानचालनात रूढ असलेले शब्द वापरून ‘आय फॉर इंडिया, के फॉर किलो, ई फॉर एको, ए फॉर आल्फा’ असे एकेक करून सांगावे, आणि मग नाव एकदाच, मधल्या खंडावर जोर देऊन, पूर्ण म्हणावे.