दुरुस्तीचे कोड लावताना या चुका टाळा: फ्लीट सॉफ्टवेअरमध्ये ‘इतर’ खर्च का फुगतो

वर्षभर जॉब कार्ड (प्रत्येक दुरुस्तीची नोंद) भरली जातात, प्रत्येक कामाला सॉफ्टवेअरमधला कोड लावला जातो आणि रिपोर्ट काढला की सगळ्यात मोठा खर्च ‘इतर’ नाहीतर ‘इंजिन काम’ या नावाखाली निघतो. खापर मेकॅनिकवर फुटतं. पण बहुतेक वेळा घोळ कोडच्या यादीतच असतो.

एकाच कोडमध्ये सगळं कोंबणं

सर्वांत महाग चूक हीच. ‘ब्रेकडाऊन – क्लच प्लेट बदली’ असा कोड केला की गाडी का आली, कोणता भाग आणि काय काम केलं, हे तिन्ही एकात अडकतं. मग पासिंगच्या (आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या) आधी बदललेल्या क्लच प्लेटला वेगळा कोड लागतो, अपघातानंतरच्या प्लेटला आणखी वेगळा. वर्षाअखेरीला क्लचवर एकूण किती गेले हे काढायला चार कोडची बेरीज करावी लागते, आणि त्यातला एक हमखास राहतो.

यासाठी तीन वेगळे रकाने ठेवा. अमेरिकेतल्या ट्रक वाहतूकदारांच्या संघटनेने १९७० मध्ये आणलेल्या व्हीएमआरएस (गाड्यांच्या देखभालीच्या नोंदींसाठीचे ठरावीक कोड) पद्धतीत हीच रचना आहे. तिच्यात भागाचा कोड तीन-तीन आकड्यांच्या तीन पायऱ्यांचा असतो: आधी यंत्रणा, मग असेंब्ली, मग सुटा भाग. ब्रेक ०१३, टायर ०१७, क्लच ०२३. दुरुस्तीचं कारण आणि केलेलं काम यांच्या याद्या निराळ्या. ती यादी परवान्याची आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती मिळते का, हे विक्रेत्याला विचारा. घ्यायची नसेल तरी आपली यादी याच धर्तीवर बांधा.

कारणं आठ-दहाच्या वर नकोत: ठरलेली सर्व्हिस, तपासणीत सापडलं, ड्रायव्हरची तक्रार, रस्त्यात बंद पडली, अपघात, पासिंग, कंपनीचा रिकॉल, पुन्हा तेच काम. यात ‘वॉरंटी’ घालू नका. वॉरंटी म्हणजे पैसे कोण देणार; गाडी का आली ते त्यातून कळत नाही. तिच्यासाठी वेगळी टिकमार्क ठेवा.

‘पुन्हा तेच काम’ हे कारण मेकॅनिक स्वतःहून कधीच निवडणार नाही. तीच गाडी त्याच भागाच्या कोडसाठी ३० दिवसांत किंवा ५,००० किलोमीटरच्या आत परत आली, तर सॉफ्टवेअरनेच खूण करावी असा नियम लावा.

तक्रार ऐकूनच कोड टाकणं

ड्रायव्हर सांगतो, ‘गाडी ओढत नाही.’ सुपरवायझर ‘इंजिन’ निवडतो. प्रत्यक्षात डिझेल फिल्टर चोक झालेला असतो, टर्बोचा होज फाटलेला असतो, क्लच घसरत असतो, ब्रेक चिकटलेला असतो, किंवा बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत डीईएफची (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या द्रवाची) गडबड ओळखून ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) ताकद कमी केलेली असते. यंत्रणा पाच, रिपोर्टमध्ये नाव एकच.

तक्रार ड्रायव्हरच्या शब्दांत मोकळ्या रकान्यात लिहा. भागाचा कोड जॉब कार्ड बंद करताना सक्तीचा करा, उघडताना नाही. उघडतानाच सक्ती केली की माणूस यादीतलं पहिलं नाव निवडून मोकळा होतो. हे पकडणं सोपं आहे: इंग्रजी वर्णक्रमाच्या यादीत ‘एसी’ सर्वांत वर येतो, आणि मग ज्या गाडीला एसीच नाही तिच्या नावावर एसीचं काम दिसू लागतं. रोज लागणारे कोड वर आणा, आधीच निवडलेला पर्याय ठेवू नका, आणि नावं वर्कशॉपमध्ये चालतात तीच द्या: सेल्फ (स्टार्टर), पाटा (लीफ स्प्रिंग), लायनर (ब्रेकचं अस्तर).

प्रत्येक जागेला वेगळा कोड करणं

दहा टायरच्या ट्रकला प्रत्येक टायरचा कोड केला आणि पंक्चर, बदली, रोटेशन, रिट्रेड अशी चार कामं धरली, तर नुसत्या टायरपायी ४० कोड होतात. डावा-उजवा, पुढचा-मागचा, आतला-बाहेरचा यासाठी ‘जागा’ हा स्वतंत्र रकाना ठेवा. ब्रेक लायनर आणि पाट्यालाही तोच कामी येतो.

तिसऱ्या पायरीपर्यंत, म्हणजे सुट्या भागापर्यंतही सगळीकडे जाऊ नका. ४० गाड्यांच्या फ्लीटला टायर, ब्रेक, क्लच, टर्बो, इंजेक्टर आणि डीईएफ यंत्रणा एवढ्यांचे सुटे भाग पुरतात. दरवाजाच्या बिजागरीला कोड देऊन काहीही हाती लागत नाही.

एक्सेलमधून यादी चढवताना

०१३ चं १३ होतं आणि ०३-०४ ची तारीख होते. मग सॉफ्टवेअर ‘कोड सापडला नाही’ म्हणतं किंवा जुन्याशेजारी नवा कोड तयार करतं. यादी पेस्ट करण्याआधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलात तर गेलेलं शून्य परत येत नाही. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी शून्य उडतं.

बाहेरच्या गॅरेजचं बिल एका ओळीत

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, शिवाय सेल्फची दुरुस्ती आणि मजुरी, असं बिल ‘क्लच काम’ म्हणून एकरकमी चढवलं की सेल्फचा खर्च क्लचमध्ये बुडतो. ओळी वेगळ्या करा आणि ज्या कामाची मजुरी त्याच कोडवर टाका. गॅरेजवाला मजुरी फोडून देत नसेल तर बिलाचे पैसे देण्याआधीच फोडून घ्या. नंतर कोणी देत नाही. टोइंगचा खर्च कुठल्याच भागावर टाकू नका, त्याचा प्रकार वेगळा.

मध्येच कोड बदलणं

जुना कोड डिलीट करू नका आणि तोच आकडा दुसऱ्या भागाला तर मुळीच देऊ नका, नाहीतर गेल्या वर्षीचा रेडिएटर यंदा सायलेन्सर होऊन बसतो. जुना कोड बंद करा, नवा कुठल्या तारखेपासून सुरू आणि कोणाच्या जागी, हे नोंदवा.

यादी लागू करण्याआधी ५० जुनी बिलं घ्या आणि दोन माणसांकडून स्वतंत्रपणे कोड लावून घ्या. जिथे दोघांचे कोड जुळत नाहीत, तिथे कोडची व्याख्या ढिली आहे. ती एका ओळीत लिहून टाका. ‘इतर’ ठेवा, पण त्याला शेरा सक्तीचा करा आणि दर महिन्याला ते शेरे वाचा. एकच भाग तीनदा दिसला तर त्याला कोड द्या. जुना सगळा डेटा सुधारायच्या फंदात पडू नका. महागड्या यंत्रणांची मागच्या १२ महिन्यांची बिलं दुरुस्त केली तरी तुलनेला पुरतात.